नकाशावरची रेघ आणि गावाचे स्टेशन

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्या दिवशीची गोष्ट. मधल्या सुट्टीत दहावीतील एक विद्यार्थी घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याचे आजोळ धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातील एका खेड्यात. सुट्टी तेथेच घालवून तो भोपाळला परतला होता. कागदाची घडी त्याने उलगडली. तो एक नकाशा होता, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून काळवंडलेला. मनमाडपासून इंदूरपर्यंत एक जाड काळी रेघ ओढलेली होती आणि त्या रेघेवर एके ठिकाणी लाल शाईने वर्तुळ काढले होते.

"सर, या वर्तुळात स्टेशन होणार आहे म्हणे. मामांना एका गृहस्थाने हा नकाशा दाखवला. ताईच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून मामा तेथे जागा घेणार आहेत. घ्यावी का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. फूटपट्टी आणायला सांगितले. त्या फूटपट्टीने आम्ही दोघांनी जे मोजले आणि त्यानंतर जे बोललो, ते इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे. आपणा मराठी कुटुंबांचे अर्धे आप्तेष्ट माळव्यात आणि अर्धे महाराष्ट्रात. दोन राज्यांच्या सीमेवरून जाणारी रेल्वे हा त्यामुळे आपल्या घरचाच विषय आहे.

मार्ग कोणता?

प्रथम मूळ गोष्ट पाहू. इंदूर ते मनमाड असा सरळ रेल्वेमार्ग आजवर नव्हता. भोपाळच्या माणसाला याची उणीव फारशी जाणवत नाही. आपण गाडीत बसलो की इटारसी, खंडवा, भुसावळ अशी स्टेशने घेत थेट मनमाडला उतरतो. परंतु इंदूर, महू, धार, सेंधवा, बडवानी येथील लोकांचे तसे नाही. त्यांना महाराष्ट्रात जायचे तर रेल्वेने मोठा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर आग्रा रोडने मोटारीचा प्रवास करावा लागतो. बडवानी जिल्ह्याने तर आपल्या हद्दीत आगगाडीची शिट्टीच ऐकलेली नव्हती. मालेगावसारखे हातमाग-यंत्रमागाचे मोठे शहर. त्यालाही स्वतःचे स्टेशन नव्हते.

या मार्गाची मागणी जुनी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालय, जहाजबांधणी मंत्रालयाकडील बंदर-संस्था, महाराष्ट्र शासन आणि मध्य प्रदेश शासन यांच्यामध्ये याविषयी दिल्लीत करार झाला. पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने मार्गाला मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी जाहीर झालेले आकडे असे: लांबी ३०९ किलोमीटर, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये, दोन राज्यांतील ६ जिल्हे, नवी ३० स्टेशने, आणि काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०२८-२९. सुमारे एक हजार गावांना व तीस लाख लोकांना त्याचा लाभ होईल, असेही सांगण्यात आले.

या आकड्यांत 'नवी ३० स्टेशने' हे शब्द आहेत. हजार गावे आणि स्टेशने तीस! म्हणजे सरासरीने तेहतीस गावांमागे एक स्टेशन. प्रत्येक गावाला वाटणार की ते एक स्टेशन आपलेच. लाल शाईची वर्तुळे काढणाऱ्यांचा धंदा नेमका या वाटण्यावर चालतो.

फूटपट्टीचा हिशेब

आता त्या नकाशाकडे वळू. खालच्या कोपऱ्यात प्रमाण पुसटसे दिसत होते: एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. मुलाने पट्टी लावली. काळ्या रेघेची जाडी दोन मिलिमीटर भरली. "म्हणजे जमिनीवर किती?" मी विचारले. त्याने मनाशी गणित केले आणि तो चमकला. दोन मिलिमीटर म्हणजे दोन किलोमीटर! प्रत्यक्षात रुळांसाठी लागणारी जमिनीची पट्टी सर्वसाधारणपणे काही दशक मीटर रुंदीची असते. नकाशावरील रेघ मात्र दोन किलोमीटर रुंद. त्या दोन किलोमीटरांत मामांचे शेत, शेजारचे गाव, मधला ओढा आणि पलीकडची टेकडी एवढे सगळे सामावते. रूळ यातील कशावरून जाणार, हे त्या रेघेला सांगताच येत नाही.

मग त्याने वर्तुळ मोजले. व्यास एक सेंटिमीटर, म्हणजे दहा किलोमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दहावीच्या मुलाला पाठ असतेच. उत्तर आले सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर. त्या एका लाल वर्तुळात लहानमोठी कितीतरी गावे बसतील. 'वर्तुळात स्टेशन होणार' हे विधान कदाचित खरेही ठरेल; पण त्यावरून 'या प्लॉटजवळ स्टेशन होणार' असे मुळीच सिद्ध होत नाही.

रेल्वेचे अभियंते असल्या नकाशावर काम करीत नाहीत. त्यांचे काम पायऱ्यापायऱ्यांनी चालते. आधी टेहळणी होते: प्रदेश पाहून कोणत्या बाजूने मार्ग जाऊ शकेल याचा अंदाज घेतात. मग प्राथमिक सर्वेक्षण: खर्च किती, माल व प्रवासी किती मिळतील, याचा हिशेब मांडतात. आणि शेवटी अंतिम स्थान सर्वेक्षण. या अखेरच्या सर्वेक्षणात जमिनीची उंची ठिकठिकाणी मोजली जाते, पुलांच्या जागी माती व खडक तपासतात, आणि रुळांची मध्यरेषा खुंट्या रोवून जमिनीवर आखतात. टेहळणीत ज्या गावाला स्टेशन दिसते ते प्राथमिक सर्वेक्षणात एक कोस सरकते, आणि अंतिम सर्वेक्षणात कधी नदीच्या पलीकडे जाते. यात कोणाची फसवणूक नसते. ज्ञान जसजसे वाढते तसतशी रेघ बारीक होत जाते, एवढेच.

स्टेशनला सपाट जमीन हवी

"पण सर, रेघ गावावरून गेली तर स्टेशन द्यायला काय हरकत आहे?" मुलाचा पुढचा प्रश्न. हरकत बहुधा चढाची असते.

आगगाडीची पोलादी चाके पोलादी रुळांवर फार कमी घर्षणाने चालतात. म्हणून एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. याच कारणाने तिला चढ सोसत नाही. मोटार जो घाट सहज चढते तेथे आगगाडी हतबल होते. मोठ्या मालगाड्यांसाठी मार्गाचा चढ शंभराला एक, म्हणजे शंभर मीटर चालून एक मीटर वर, एवढा असला तरी तो कडकच समजतात. स्टेशनचा नियम याहून कठोर आहे. उभी गाडी आपोआप घरंगळू नये, डबे जोडताना-सोडताना अपघात होऊ नये, म्हणून स्टेशनच्या आवारात चारशेला एक यापेक्षा जास्त चढ चालत नाही, आणि शक्यतो तो बाराशेला एक इतका सौम्य असावा असा दंडक आहे. बाराशेला एक म्हणजे किलोमीटरभर चालून जेमतेम त्र्याऐंशी सेंटिमीटर चढायचे! डोळ्यांना ती जमीन सपाटच दिसेल. मालगाडीची लांबी पाऊण किलोमीटरपर्यंत असते. ती बाजूच्या रुळावर पूर्ण मावली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही टोकांना सांधे व सिग्नल यांसाठी जागा राहिली पाहिजे. तेव्हा किलोमीटर-दीड किलोमीटर लांबीचा, जवळजवळ सरळ आणि जवळजवळ सपाट तुकडा मिळेल तेथेच स्टेशन होऊ शकते.

आता इंदूर-मनमाड मार्गाचा भूगोल डोळ्यांपुढे आणा. महू माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. तेथून विंध्य उतरून निमाडात यायचे. खलघाटाजवळ नर्मदेचे पात्र सुमारे दीडशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे चारशे मीटरांचा उतार. शंभराला एक या मानाने तो उतरायला चाळीस किलोमीटर मार्ग लागेल, आणि डोंगर तर आपली बहुतेक उंची थोड्याशा अंतरातच टाकून देतो. मग रुळांनी काय करावे? एक तर डोंगराच्या अंगाखांद्यावरून नागमोडी वळसे घ्यावेत, किंवा बोगद्यातून जावे. नर्मदा ओलांडली की सातपुडा पुढे उभा. सेंधव्यापुढे बिजासन घाट. तेथेच दोन राज्यांची सीमा. घाट उतरला की पळासनेर, शिरपूर आणि तापीचे खोरे. तापी ओलांडून पुन्हा हळूहळू चढत धुळे, मालेगाव आणि मनमाड. दोन पर्वत आणि दोन महानद्या! आग्रा रोड ज्या गावांवरून जातो त्याच गावांवरून रूळ जातील असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. रस्ता गावाला भेटायला वळतो, रूळ मात्र चढ टाळण्यासाठी वळतात.

आणखी एक गोष्ट. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायची ती स्टेशनातच. म्हणून ठरावीक अंतराने स्टेशन असणे हे वाहतुकीच्या सोयीसाठीही आवश्यक असते. ३०९ किलोमीटरांत ३० नवी स्टेशने, म्हणजे साधारणपणे दहा किलोमीटरांना एक. एका गावाला स्टेशन दिले की पाच किलोमीटरांवरील गावाला ते सहसा मिळत नाही. ते गाव नालायक होते असे नव्हे. अंतराचा हिशेब त्याच्या विरुद्ध गेला.

जुन्या स्टेशनांची साक्ष

हे सारे नवे आहे असे समजू नये. आपल्या परिचयाची स्टेशने आठवून पाहा. नाशिकला जाणारा प्रवासी 'नाशिक रोड'ला उतरतो. मूळ नाशिक गाव तेथून आठ-नऊ किलोमीटर दूर. रेल्वे गावाजवळून गेली नाही म्हणून गावाने स्टेशनपर्यंत ट्राम घातली. आरंभी ती घोडे ओढीत. बऱ्हाणपूर हे मोगलकाळापासूनचे मोठे नगर, पण त्याचे स्टेशन शहराबाहेर लालबागेत. याउलट मनमाड, भुसावळ, इटारसी ही गावे रेल्वे येण्यापूर्वी कोणाच्या खिजगणतीत नव्हती. स्टेशन झाले, जंक्शन झाले, आणि ती नकाशावर ठळक अक्षरांत आली. स्टेशनचे भाग्य हे असे असते.

आपल्या भोपाळचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटारसीहून भोपाळपर्यंत रेल्वे आणण्यासाठी शाहजहाँ बेगम यांनी संस्थानच्या खजिन्यातून मोठी रक्कम दिली. तरीही स्टेशन झाले ते तटबंदीच्या शहराबाहेरच. आज त्याच्या भोवती शहर पसरले आहे, म्हणून आपल्याला ते मध्यवस्तीत वाटते. शेजारी होळकरांनीही असेच केले. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. ती रेल्वे संस्थानाच्या व ब्रिटिशांच्या मुलखांना जोडणारी होती. म्हणजे त्या काळच्या अर्थाने सीमेपलीकडे जाणारी. तिच्या वाटेवर पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट आला. तेथे चाळीसला एक इतका चढ घ्यावा लागला. मीटरगेजच्या छोट्या गाड्यांनी तो जेमतेम पेलला. पुढे जेव्हा या मार्गाचे ब्रॉडगेज करायचे ठरले तेव्हा तोच चढ आडवा आला आणि नवा मार्ग दुसरीकडून वळवावा लागला. जुना घाट २०१८ पासून पर्यटकांच्या गाडीसाठी राखला आहे. दीडशे वर्षांपूर्वी डोंगरामुळे मिळालेले कालाकुंड स्टेशन त्याच डोंगरामुळे मुख्य मार्गापासून दूर झाले!

सीमा आली की दोन मते आली

एकाच राज्यात मार्ग असला तर जमिनीचा चढ आणि खर्च एवढ्याच अडचणी. सीमा ओलांडायची म्हटली की तिसरी अडचण येते ती दोघांच्या संमतीची. खरीखुरी परराष्ट्रसीमा असेल तर ती अधिकच जाणवते. गोव्याचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात, घाटमाथा इंग्रजांच्या. मुरगाव बंदरातून देशावर रेल्वे न्यायची तर दोन सरकारांनी एकत्र आले पाहिजे. त्यासाठी १८७८ मध्ये इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि १८८८ पर्यंत मार्ग तयार झाला. मध्ये सीमा असल्यामुळे एकाऐवजी दोन महत्त्वाची स्टेशने झाली: घाटावर इंग्रजांच्या बाजूला कॅसलरॉक, घाटाखाली पोर्तुगीजांच्या बाजूला कुळे. दोन्हीकडे जकातीची तपासणी. १९५५ मध्ये संबंध बिघडले तेव्हा सीमेवरची ही वाहतूक बंद पडली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर सीमाच उरली नाही. कॅसलरॉक आजही स्टेशन आहे; पण ज्या कारणाने ते मोठे झाले ते कारण इतिहासजमा झाले.

अलीकडची उदाहरणेही आहेत. त्रिपुरातील आगरतळ्याला फाळणीपूर्वी जवळचे स्टेशन होते ते आखाउडा. फाळणी झाली आणि ते स्टेशन परदेशात गेले. आगरतळा-आखाउडा जोडमार्गाचे भारत व बांगलादेश यांच्यात २०१० मध्ये ठरले, आणि अवघ्या सव्वाबारा किलोमीटरांच्या त्या मार्गाचे उद्घाटन व्हायला १ नोव्हेंबर २०२३ उजाडावे लागले. भारताच्या बाजूला निश्चिंतपूर आणि बांगलादेशाच्या बाजूला गंगासागर, अशी दोन स्टेशने सीमेच्या दोन अंगांना आहेत. भूतानकडे जाणाऱ्या दोन मार्गांची घोषणा २९ सप्टेंबर २०२५ रोजी झाली: आसामातील कोक्राझार ते गेलेफू ६९ किलोमीटर आणि बंगालमधील बनारहाट ते सामत्से २० किलोमीटर. भूतानात त्यापूर्वी रेल्वे नव्हतीच. स्टेशनांची संख्या घोषणेतच सांगितली गेली. परंतु संख्या कागदावर सांगणे आणि जागा जमिनीवर दाखवणे यांत किती अंतर असते, ते आपण वर पाहिलेच.

दोन राज्यांमधील सीमेवर पारपत्र लागत नाही, जकात लागत नाही. तथापि जमीन ताब्यात घेऊन देणारे अधिकारी दोन्हीकडे वेगळे, खजिना वेगळा आणि कामाची गतीही वेगळी. भोपाळ ते रामगंज मंडी या मार्गाचेच पाहा. लांबी २७६ किलोमीटर, मंजुरी २०००-०१ ची. नरसिंहगड, राजगड, खिलचीपूर करीत तो राजस्थानात शिरतो. त्याच्या राजस्थानच्या टोकाकडून झालावाडपर्यंत गाडी केव्हाच धावू लागली. पण भोपाळपासून रामगंज मंडीपर्यंत सलग मार्ग पंचवीस वर्षे लोटली तरी, म्हणजे २०२५ उजाडले तरी, खुला झालेला नव्हता. मंजुरीच्या वर्षी ज्याने स्टेशनजवळ म्हणून जागा घेतली असेल, त्याची मुले शिकून नोकरीलाही लागली असतील.

मग विश्वास कशावर ठेवावा?

"म्हणजे कशावरच विश्वास ठेवू नये का?" मुलगा थोडा खट्टू होऊन म्हणाला. तसे नव्हे. कोणत्या कागदाला किती वजन द्यायचे ते कळले पाहिजे. मंत्र्यांचे भाषण, वर्तमानपत्रातील बातमी, मंत्रिमंडळाची मंजुरी आणि राजपत्रातील अधिसूचना हे चार वेगवेगळे कागद आहेत. पहिल्या तिन्हींवरून मार्ग होणार एवढे समजते. मार्ग कोणाच्या शेतातून जाणार हे चौथ्यावरून समजते.

रेल्वे कायदा १९८९ चा. त्यात २००८ मध्ये विशेष रेल्वे प्रकल्पांच्या जमिनीसाठी नवी कलमे घातली गेली. कलम २०-अ प्रमाणे सरकार जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करते. त्यात जमिनीचे वर्णन असते आणि त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो; त्यांपैकी एक लोकभाषेतील असले पाहिजे, असा नियम आहे. ज्याचा त्या जमिनीशी संबंध असेल त्याला कलम २०-ड प्रमाणे तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्यानंतर कलम २०-ई प्रमाणे घोषणा होते आणि जमीन केंद्र सरकारची होते. पहिल्या अधिसूचनेपासून वर्षाच्या आत ही घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द ठरते.

हे तीस दिवस फार मोलाचे. स्टेशन येणार म्हणून आनंदात असलेल्या घराला अनेकदा त्यांचा पत्ताच नसतो. विहीर रुळांच्या एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला राहणार असेल, गुरांच्या वाटेवर भराव येणार असेल, पावसाचे पाणी अडून गावात शिरणार असेल, तर ते सांगण्याची हीच वेळ. रुळांखालून मोरी, भुयारी वाट किंवा पूल मागायचा तो आताच. भराव उभा राहिल्यावर ओरडून उपयोग नाही. म्हणून 'स्टेशन कोठे होणार?' याच्या बरोबरीने 'रूळ कोठून जाणार आणि आमची वाट कोठे राहणार?' हा प्रश्नही गावाने विचारला पाहिजे. स्टेशन तेहतिसांतून एका गावाला मिळते. रूळ मात्र पुष्कळ गावांच्या शिवारांतून जातात.

शेवटी त्या मुलाला मी तीन प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहून दिले. मामांनी ते त्या गृहस्थांना विचारावेत. पहिला: हा नकाशा कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेला प्रसिद्ध केला? दुसरा: राजपत्राच्या अधिसूचनेत आमच्या गावाचे नाव व गट क्रमांक आहेत काय? तिसरा: स्टेशनची जागा रेल्वेने लेखी कोठे दिली आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली तर पुढचा विचार करावा. तोंडी मिळाली तर चहा पाजून निरोप द्यावा.

आठवड्याने मुलगा पुन्हा आला. मामांनी प्रश्न विचारले होते. ते गृहस्थ "नकाशा वरून आला आहे" एवढेच म्हणाले आणि "उद्या भाव दुप्पट होईल, मग माझ्याकडे येऊ नका," असे बजावून निघून गेले. मामांनी जागा घेतली नाही. ताईची फी भरली.

"पण सर," मुलगा म्हणाला, "उद्या स्टेशन तेथेच झाले तर?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही तसेच द्यायला हवे होते. होऊ शकेल, असे मी म्हणालो. त्या साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटरांत कोठेतरी स्टेशन होईलही, कदाचित मामांच्या बांधालाच लागून होईल. तसे झाले तर मामांना थोडी हळहळ वाटेल. पण त्या दिवशी ताई शिकून उभी राहिलेली असेल, आणि त्या स्टेशनवर पहिली गाडी थांबेल तेव्हा तिकीट काढून ती भोपाळला आपल्या भाच्याला भेटायला येऊ शकेल.

"भाच्याला नाही सर, भावाला," तो हसून म्हणाला. "ताई माझी मामेबहीण."

माझी चूक मी कबूल केली. नाते असो की स्टेशन, नीट विचारून घेतल्यावाचून सांगू नये, हा धडा त्या दिवशी मास्तरांनाही मिळाला.